बैल रवंथ करेपर्यंत

बैलाच्या परवानगीशिवाय मालकाला घरी जाऊ न देणारा माणूस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि ते म्हणजे धामणगाव बढेच्या बाजारात बसणारे नालवाले चाचा. बैलाला दोरांनी अलगद आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. पण काम संपलं, बैल उठला, अंग झटकून उभा राहिला, तरी मालकाच्या हाती कासरा मिळत नाही. बैल निंबाखाली बांधायचा आणि तो निवांत होऊन रवंथ सुरू करेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. कुणी कुरकुरला की चाचा म्हणतात, "तुले घाई हाये, त्याले नाही. खिळे कोणाच्या पायात ठोकले, तुह्या का त्याच्या?"

मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्री मारताना, कानात बिल्ला टोचताना जनावराला किती दुखतं, किती ताण येतो, हे मोजायचं माझं प्रकल्पाचं काम. कानांची ठेवण, डोळ्यांभोवतीचा ताण, नाकपुड्या, पाय झाडणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण; जितका त्रास, तितके गुण जास्त. शिवाय छातीचे ठोके. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझ्याच छातीचे ठोके मोजावे लागतील अशी अवस्था होते. ते चाचांनी पहिल्या दिवशीच ओळखलं आणि आरोळी ठोकली, "डाक्टरीनबाई बैलाची परीक्षा घेऊन राह्यली, गलका करू नका बे!" त्यामुळे होता नव्हता तेवढा बाजार माझ्याकडे बघायला लागला.

बैलाला कुणी शिवी दिलेली त्यांना खपत नाही. मालकाला मात्र ते स्वतः सढळ हाताने देतात. पाडण्याआधी बैलाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटतात. काय, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. कान तळहातात धरून पाहतात; घाबरलेल्या, दुखावलेल्या जनावराचे कान थंड पडतात, हे मला पुस्तकाने शिकवलं आणि त्यांना कुणीच नाही. ही मोजमापं ते माणसांनाही लावतात. एका लग्नाहून आले आणि म्हणाले, "नवरदेव कान पाडून बसला होता. मी म्हटलं, याले अजून सोडू नका." एकदा मी चहा अर्धा ठेवला, तर म्हणाले, "कोण बोललं तुले?" सकाळी कॉलेजात बोलणी खाल्ली होती. त्यांनी लगेच दुसरा चहा मागवला.

त्यांची एकच फुशारकी होती. "पन्नास वर्सं झाली, माह्या हातचा खिळा जित्या मासात गेला नाही." बाजारातल्या प्रत्येकाला ती पाठ होती.

मग एका बाजाराच्या दिवशी एक तांबडा बैल आला. इतका शांत बैल मी पाहिला नव्हता. पाय झाडला नाही, आवाज काढला नाही. माझ्या कागदावर सगळ्या रकान्यांत शून्य. पण तास गेला, दीड तास गेला, रवंथ काही सुरू होईना. मालक उठलाच. "चाचा, म्याडमच्या कागदावर तं पास झाला ना बैल! आता काऊन बसवून राह्यले?" लोक हसले. चाचांनी बैलाचा कान हातात धरला, बराच वेळ धरला, मग माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, बेटा."

मी कान धरला. तो थंड होता. तसं म्हणायचं म्हणजे माझा कागद चुकला, आणि चाचांचा हातही. तेही भर बाजारात.

"थंड आहे, चाचा," मी म्हणाले.

चाचांनी हातोडी घेतली आणि एकेका खिळ्यावर हलकेच टिचकी मारत गेले. मागच्या डाव्या पायाच्या तिसऱ्या खिळ्याला बैलाच्या अंगावरून शहारा गेला. त्यांनी सांडशीने खिळा उपसला. टोक लाल होतं.

"चाचा, हात म्हातारा झाला तुमचा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हाव, झाला," चाचा म्हणाले, आणि मालकाकडे वळून, "माफ कर भाऊ. माह्यीच चूक." जखम धुतली, औषध भरलं. मघापासून घाई करणारा मालक आता मुकाट बैलापाशी बसला. उन्हं कलता कलता बैलाचा जबडा हलायला लागला, तेव्हा त्यानेच पहिल्यांदा पाहिलं आणि चाचांना हाक मारली.

हात धुताना चाचा मला हळूच म्हणाले, "तुले खरंच थंड लागला? मले काहीच नाही लागलं. ऊन का थंड, समजतच नाही आताशा." पन्नास वर्षांच्या घट्ट्यांनी भरलेला तो तळहात त्यांनी माझ्यासमोर धरला आणि लगेच मिटून घेतला.

ती फुशारकी त्यानंतर मी ऐकली नाही. माझा प्रकल्प संपला, तरी बाजाराच्या दिवशी मी जाते. बैल उठून उभा राहिला की चाचा आधी स्वतः त्याचा कान धरतात, सगळ्यांना दिसेल असा, पूर्वीसारखाच. मग उगीच दोर गुंडाळायला बाजूला होतात, आणि त्यांच्या जागी मी बैलाचा कान धरून उभी राहते.