मे महिना आणि तापलेले कॉम्प्युटर

जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते उन्हाळ्यात गिऱ्हाइकांबरोबर चालत येतात. हसतो आम्ही, पण खरं सांगू? मे महिन्यात फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेतो.

*

जामनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमधून फोन आला, "कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय." अहो, पडणारच. प्रोसेसर नव्वद डिग्रीच्या पुढं तापला की स्वतःला वाचवायला आपणहून बंद होतो. जाऊन बघतो तर आत रुई बसून पंखा जाम. आणि वरून काय, तर माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट, मशीन चालू असताना! मी आधी मेन स्विच बंद केला. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, माठ तर गार राहतो की."

*

पहूरचे एक केळीवाले भाऊ त्याहून हुशार. त्यांनी कॉम्प्युटर थेट केळी पिकवायच्या थंड खोलीत नेऊन ठेवला. तिथं झकास चालला. मग प्रिंट काढायला बाहेरच्या उन्हात आणला, तर गार पत्र्याला आतून-बाहेरून पाणी सुटलं. भाऊंनी तसंच बटण दाबलं. फट्ट! जळालेला बोर्ड मी उघडून दाखवला, तर म्हणाले, "आमच्या केळीला तर काही होत नाही."

*

आता असोद्याचे नाना. भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून, कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षातून आले. मागल्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. अक्का बोलतेय असा एकच व्हिडिओ होता, तोही याच हार्ड डिस्कवर. आणि डिस्क कुरकुरायला लागली होती.

हार्ड डिस्कला प्रोसेसरसारखा ताप सोसत नाही. पन्नाशी ओलांडली की ती कधीही दगा देऊ शकते. दुसऱ्या मशीनला जोडून कॉपी लावली आणि तापमानाचा आकडा बघत बसलो. सत्तेचाळीस. बावन्न. सत्तावन्न. मधेच डिस्क गेली तर अक्काचा आवाज आणायचा कुठून? घाबरून मी कॉपी थांबवली.

"नाना, आता नको. गार होऊ द्या हिला. ऊन उतरलं की परत लावू."

नानांनी डिस्कवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तिचं आंगबी असंच तापेल व्हतं," ते म्हणाले. "मीबी हेच म्हनलं व्हतं. ऊन उतरू दे, मंग दवाखान्यात नेऊ."