आईचा ब्रेक

मंडळी, आज बाबांच्या जुन्या अँबेसिडरला पुढचे डिस्क ब्रेक बसवले आणि आम्ही तिघं गोंदियाहून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला निघालो. "कायले पाहिजे? ड्रम ब्रेक चांगलेच आहेत," असं बाबा शेवटपर्यंत म्हणत होते.

एका वळणापलीकडे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. एक बाई पाठमोरी उभी राहून ते पायाने फिरवत होती. बाबांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. शेजारी आईनेही नेहमीसारखा पायाखालचा मॅट दाबला.

गाडी इतकी अलीकडे थांबली की बाई वळून म्हणाली, "काऊन थांबले जी तिकडेच? या ना, जागा आहे."

बाबा एवढंच म्हणाले, "बरं झालं बसवले."

तुमच्याकडेही शेजारच्या सीटवरून ब्रेक मारणारं कोणी आहे का? आमची आई आज परतताना पहिल्यांदाच गाडीत झोपली.