‘लवंगी’ची चौकट आणि अप्पांचं नाव

शाळेचे पत्रे अप्पांनी नेले नाहीत.

हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं मग.

काल सकाळी आमचे अप्पा गेले. वडवणीच्या ‘सायंदैनिक लवंगी’चे मालक, संपादक, बातमीदार, सगळं तेच. हातात चहाचा कप होता. डॉक्टर म्हणाले, अटॅक मोठा होता.

आज सकाळपासून माझा फोन वाजतोय. मी उचलत नाही.

मघाशी घरासमोर एक मोटारसायकल हळू झाली आणि पुढं गेली. रोज किती जातात. आज ही एक मला दिसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मी सातवी नापास, मेंढरांमागं फिरणारा. अप्पांनी मला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसवलं. तेव्हा लवंगी आठवड्यातून एकदा निघायची, पायानं चालवायच्या मशीनवर. पुढं ऑफसेट आलं आणि लवंगी रोजची झाली. अर्ध्या आकाराची, चार पानं, लाल मथळे.

वडवणीतून दैनिक निघतं म्हणून बीडचे लोक हसायचे. पण संध्याकाळच्या एसटीत गठ्ठा टाकला की पार धारूरपर्यंत लोक वाट बघायचे.

वाट बघायचे ती चौकटीची.

पहिल्या पानावर, वर डावीकडं. कुणी काही चोरलं, कुणी काही दाबलं, की अप्पा बातमी पूर्ण छापायचे आणि चौकटीत फक्त दोन शब्द.

नाव उद्या.

मी एकदा विचारलं, “अप्पा, नाव ठाऊक हाय तर आजच कावून न्हाई छापत?”

“एक रात्र द्यावी लिंबाजी. माणूस भ्याला की शहाणा होतो.”

“अन् न्हाई झाला तर?”

“मग उद्या हायेच की. पळून कुठं जातो बे, ऱ्हातो तर वडवणीतच.”

आणि व्हायचं तसंच. हापशाचा दांडा, पाणीपुरवठ्याची मोटर, भजनी मंडळाची पेटीसुद्धा सकाळी जागेवर यायची. कुणी आणून ठेवली ते अप्पा बघायला जायचे नाहीत. चौकटीत छापायचे: वस्तू मिळाली. नाव नाही.

नाही आली, तर नाव यायचं. मोठ्या टाइपात.

ते नाव अप्पांच्या डोक्यात असायचं. पान लावायच्या वेळी सांगायचे, त्याआधी घरातसुद्धा कुणाला नाही.

परवाच्या अंकात बातमी होती, शाळेच्या खोल्यांवरचे पत्रे कुणीतरी काढून नेले, पोरं उन्हात बसतात. चौकटीत: नाव उद्या.

तो उद्या उजाडला आणि अप्पा गेले.

दुपारी त्यांच्या लिंगायत रीतीनं शेतात बसवून माती दिली. तिथून त्यांची लेक सुनंदा सरळ छापखान्यात आली. कॉम्प्युटरवर पान तीच लावते. डोळे सुजलेले.

म्हणाली, “काका, अंक काढू. बंद ऱ्हायला तर लोक म्हणतील, कुणीतरी दाबला.”

मग म्हणाली, “पप्पांचा फोटो कुठं टाकू?”

मी म्हणालो, “वर डावीकडं टाक. त्याच्याहून मानाची जागा कुठली हाय?”

तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मोठं नाव तिथंच टाकायची सवय. चौकटीत फोटो आणि अप्पांचं पूर्ण नाव. निधनाची बातमी आत, दुसऱ्या पानावर.

संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एकानं अंक उघडला.

“आयला, अप्पाच निघाला की.”

दुसरा म्हणाला, “बाप मेल्यावर पोरीनं खरं छापलं बघ. लई हिमतीची हाय.”

मला बोलायचं होतं. चहा तसाच ठेवून घरी आलो.

आमची मंडळी म्हणते, “तुमी गप ऱ्हावा. ज्यानं नेले त्याचं बरंच झालं की. तुमी मधी पडलात तर त्याला वाटंल, ह्या म्हाताऱ्याला नाव ठाऊक हाय.”

खोटं नाही ते. मला भीती वाटते. ही पोस्ट तोही वाचत असेल. खाली हात जोडणाऱ्यांत तोही असेल.

मला नाव माहीत नाही. खंडोबाची आण.

पण ज्यांना अप्पांवर शंका आहे, त्यांनी छापखान्याचं छत येऊन बघावं. माळवद गळतं म्हणून वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स अंथरलाय. पत्रे नेणाऱ्या माणसाचं छत असं असतं का?

अप्पा नेहमी म्हणायचे, “लिंबाजी, शेवटच्या पानावर खाली तुझं नाव टाकतो.”

मी म्हणायचो, “नको अप्पा. नावावरून माणूस सापडतो.”

“सापडावा म्हणूनच असतं ते बे.” आणि हसायचे.

मी कधी टाकू दिलं नाही. इथंसुद्धा नातीनं खातं काढून दिलं तेव्हा तिला ‘जय मल्हार’ लिहायला लावलं. फोटो मेंढ्याचा.

आता पत्रे नेणाऱ्याला सांगतो.

अप्पांची ती एक रात्र अजून संपली नाही असं समज. पत्रे शाळेच्या मागं आणून ठेव. मी बघायला येणार नाही. उद्या चौकटीत एवढंच येईल: वस्तू मिळाली. नाव नाही.

मग गावाला कळेल. मातीत बसवलेला माणूस पत्रे आणून ठेवत नाही.

मंडळी म्हणतेय, पोस्ट काढून टाका. फोन परत वाजतोय.

अप्पा, श्रद्धांजली म्हणून माझ्याकडं दुसरं काही नाही. इतकी वर्षं नको म्हणालो, ते आज घ्या.

लिंबाजी सोपान देवकते
लवंगीचा कामगार, वडवणी