अक्कांनी नाकारलेली बढती

जळगावच्या आमच्या सरकारी कचेरीत स्वतःच्या पगारावर हक्क सांगणारी जी जी बाई आहे, ती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अक्कांनी घडवलेली आहे, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. अक्कांचं माहेर पारोळ्याचं. नवी मुलगी रुजू झाली की तिचं नाव-गाव विचारण्याआधी त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "पगार कोना खातामा जास? आनि एटीएमनं कार्ड कोनाजवळ ऱ्हास?" कार्ड नवऱ्याकडे आहे असं कळलं, की त्या मुलीचं आठवडाभर काही खरं नसे. अक्का तिला डबासुद्धा सुखाने खाऊ देत नसत. बारशाला गेल्या तर पाळण्यात आवर्ती ठेवीचा फॉर्म टाकून येत. असोद्याच्या एका लग्नात त्यांनी नवरीला साडीऐवजी बँकेत खातं उघडायचा फॉर्म दिला, तोही निम्मा भरलेला. सासू फणकारली, तर म्हणाल्या, "साडी कपाटमाच पडी ऱ्हाई. कपाटनी चावी कोनाजवळ ऱ्हास, माले माहीत शे." आम्हाला पंगतीतून अर्धपोटी उठावं लागलं.

मला आणि आणखी तिघींना खात्याच्या परीक्षेला त्यांनीच बसवलं. उत्तर चुकलं की अक्का पट्टीने टेबल बडवत, आणि साहेब दचकून केबिनबाहेर डोकावत. चौघीही पास झालो. अक्का तीच परीक्षा कितीतरी आधी, पहिल्या नंबराने पास झाल्या होत्या. त्यांना दोनदा बढती आली, दोन्ही वेळा घर सोडून दूर साक्रीला. दोन्ही वेळा त्यांनी 'घरगुती अडचणीमुळे' एवढंच लिहून ती नाकारली. दुसऱ्या वेळी ती जागा यादीत त्यांच्या खाली असलेल्या मला मिळाली. मी पेढे वाटले. अक्कांनी पेढा खाल्ला, "चांगलं व्हयनं" म्हणाल्या आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

साक्रीत तीन वर्षं काढून मी परतले, ती त्यांची वरिष्ठ म्हणून. एक दिवस अक्कांचे यजमान माझ्यासमोर येऊन बसले. अक्का त्यांच्या खुर्चीमागे उभ्या. अक्कांच्या फंडातले पैसे काढायचा अर्ज यजमानांनीच भरून आणला होता. कारणाच्या रकान्यात घरदुरुस्ती होती, आणि तोंडाने ते धाकट्या भावाच्या दुकानाबद्दल बोलत होते. मी अक्कांचं पासबुक मागितलं. ते यजमानांच्या शर्टाच्या खिशातून निघालं. कार्डही त्यातच होतं. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी हळूच म्हटलं, "अक्का, हे काय?"

"तुमले शिकाडं ना?" त्या म्हणाल्या. "मंग मन्हं काम बठ्ठं व्हई गयं."

अक्कांनी सही केली. कारण खोटं आहे हे माहीत असून मीही केली.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना तिसऱ्यांदा बढती आली. पुन्हा साक्री. नकाराचा मसुदा मी न विचारताच टाइप करून ठेवला होता. अक्कांनी तो वाचला, शांतपणे फाडला आणि रुजू व्हायची तारीख विचारली. घरी काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मी साक्रीला गेले. एक खोली, एक स्टोव्ह, दोरीवर दोन साड्या. अक्कांनी भाकरी आणि मुगाची डाळ केली होती. "माले वांगं आवडतच नही," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "आठे साक्रीले ईसन समजनं. तीस वरीस भरीत करं, पन माले काय आवडस, हाई कोनीच इचारं नही." मी हसले, त्याही हसल्या. मग भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "दोनदा मी नही म्हनी दिधं. तुम्ही इतल्या पोरी व्हत्यात. एकीनंबी माले 'का' म्हनीसन इचारं नही. का वं?"

त्यांच्या नकाराची बातमी आली त्या दिवशी मी यादीत माझा नंबर बघायला धावले होते.

अक्कांनी माझ्या ताटात आणखी डाळ वाढली आणि खिडकी उघडली. समोरच्या डोंगरावर ऊन उतरत होतं, आणि त्या ते, घाई नसलेल्या माणसासारख्या, बघत बसल्या.