तात्यांना बियाणं दिलं नाही, त्यांच्या सुनेला दिलं

मंडळी, आज मी सूड घेतला. लाज अजिबात वाटत नाहीये.

आमचं गाव कल्याणजवळ, खाडीकाठी. बाबा गेल्यापासून भातशेती आई आणि मीच बघतो. गेल्या वर्षी गावात बैठक झालेली, पाण्यात बुडालं तरी टिकणाऱ्या भाताची माहिती द्यायला. आम्ही दोघी गेलेलो. बाबांचे चुलतभाऊ तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "ही शेतकऱ्यांची बैठक आहे. बायकापोरींचं इथे काय काम?" सगळे हसले. आईची मान खाली गेली, ते मी विसरले नाही.

आम्ही बाहेर खिडकीशी उभं राहून सगळं ऐकलं आणि तेच बियाणं आणून लावलं. पुढे पावसाळ्यात शेतात आठवडाभर पाणी तुंबलं. तात्यांचं भात कुजलं, आमचं पुन्हा उभं राहिलं.

आज सकाळी तात्या दारात. "पोरी, थोडं बियाणं दे गं. घरचेच आहोत."

मी म्हटलं, "देईन, पण तुम्हाला नाही. तुमच्या शेतात राबते ती तुमची सून. तिला पाठवा."

तात्या लालेलाल झाले. आई मला चिमटे काढत होती. मी हटले नाही.

दुपारी त्यांची सून आली. गोणी उचलताना म्हणाली, "ताई, कुठल्या शेतात लावायचं ते आता मीच ठरवणार."

आई अजून माझ्यावर रागावलेली आहे. म्हणते, दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला असं परत पाठवू नये. मला मात्र आज जेवण गोड लागलं.

खरं सांगा, तुम्ही त्यांच्या हातात दिलं असतं का?