मेंगाईच्या पायरीवर मिळालेला निरोप

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतली नोकरी गेली एवढ्यावरून तो नव्हता. त्या नोकरीपायी मी जे गमावलं होतं, त्याचा होता. दीड वर्षापूर्वी बाबा गेले, तेव्हा मी आले नाही. माझ्या व्हिसाची मुदत संपली होती आणि वाढीव मुदतीचा अर्ज अडकून पडला होता. आता देश सोडलात तर परत येता येईल याची खात्री नाही, असं कंपनीच्या वकिलांनी सांगितलं. मी तासभर उघड्या बॅगेसमोर बसून राहिले आणि मग ती बंद करून पलंगाखाली ढकलली. एकुलती एक मुलगी मी. भोरला नीरेच्या काठी चुलतभावाने अग्नी दिला, तो मी मोबाईलवर पाहिला. मधेच नेटवर्क गेलं. चित्र परत आलं तेव्हा नुसत्या ज्वाळा दिसत होत्या.

तीच नोकरी यंदा नऊ मिनिटांच्या एका व्हिडिओ कॉलवर गेली. पलीकडच्या बाई समोरचा कागद वाचत होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. कॉल संपेपर्यंत माझा लॅपटॉप बंद पडलेला होता. तिथल्या नियमाप्रमाणे दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. मी रोज अर्ज करत होते. मुलाखती चांगल्या व्हायच्या, आणि व्हिसाचा विषय निघाला की समोरचा माणूस अवघडून जायचा. शेवटी घरातलं सामान शेजाऱ्यांना वाटून टाकलं आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी विमानात बसले.

भोरला आईने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि "हातपाय धू, पानं घेते," एवढंच म्हणाली. गल्लीतले लोक मात्र "किती दिवसांची सुट्टी?" म्हणून विचारायचे. काही दिवस मी "महिनाभर आहे" म्हणत राहिले, मग बाहेर पडणंच सोडलं. घरातल्या देवांपुढे दिवा लागायचा तेव्हा मी उठून मागच्या खोलीत जायची. सकाळी जाग आली की पहिल्यांदा मनात यायचं, आज जाग आलीच नसती तर बरं झालं असतं. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही.

बाबा प्राथमिक शिक्षक होते. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी वेल्ह्याच्या भागात काढली. भोरला घर केल्यावरही दर वर्षी वेल्ह्याला मेंगाई देवीची ओटी घेऊन जायचे. ते गेले त्या वर्षी परत येताना एसटीतच त्यांच्या छातीत कळ आली. ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली, पण तोवर सगळं संपलं होतं. आईला फोन गेला तो दवाखान्यातून. त्या शेवटच्या अर्ध्या तासात काय झालं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही मायलेकींनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

एके दिवशी आईने साडी, खण, नारळ पिशवीत भरून माझ्यापुढे ठेवलं. "माझे गुडघे चालत नाहीत. यंदा ओटी तू नेऊन दे." नाही म्हणायचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

कापूरहोळला गाडी बदलली. वेल्ह्याच्या एसटीत खिडकीशी बसले आणि सारा रस्ता एकच विचार करत होते: कुठल्या वळणावर झालं असेल? बाबा कुठल्या बाकावर असतील? देवळात पोचले तेव्हा हात जोडायचं माझ्या मनात नव्हतं. आईचं काम करून मिळेल त्या गाडीने निघायचं, एवढंच ठरवलं होतं.

गुरवांनी पिशवी घेतली. "कुणाच्या नावानं?"

मी बाबांचं नाव सांगितलं. "भोरचे गुरुजी. दर वर्षी यायचे."

माझ्यामागे पायरीवर एक बाई टेकली होती. पन्नाशीच्या पुढची, मातीत काम करून हात रापलेले. ती एकदम उठली.

"भोरचं गुरुजी? येष्टीत गेलं ते?"

मी मागे वळले. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"वळख कसली गं? त्यांचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं."

मी तिथेच पायरीवर बसले. ती माझ्याजवळ बसली आणि दम खात खात सांगत गेली.

"म्या बाजूलाच बसली हुती. भोरचं गुरुजी हाय, एवढंच बोलन्यात आलं हुतं. एकदम घामानं भिजलं बघ. म्या त्यांना आडवं केलं, पदरानं वारा घातला. बाटलीतलं पानी दिलं, दोन घोट प्यालं. तुझ्या आईचं नाव घेतलं. मग मला म्हनलं, माझी लेक परदेशात हाय, तिला कळवा, पर ये म्हनू नगा. तिचं तिथं अडकल्यालं हाय. आली न्हाई तर रडत बसंल, तर तिला सांगा, मी रागावलो न्हाई."

मला रडूही येईना. तिने माझी पाठ चोळली.

"दवाखान्यात मानसं धावली, मला बाजूला केलं. तुमचं घर ठावं न्हवतं, बाय. भोरच्या बाजाराला आली की वाटायचं, कुनाला इचारावं? निरोप माझ्यापाशीच ऱ्हायला, लई जड झाला हुता. आज तर म्या हितं येनारबी न्हवती. लेकीकडं निघाल्याली, गाडी रद झाली, म्हनून टेकली."

मग मी रडले. किती वेळ ते सांगता येणार नाही. दीड वर्षाचं होतं ते. गुरवांनी ओटीचं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. त्या मावशींनी माझ्या हाताखाली हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून देवीची ओटी भरली. मी काहीही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पदराने घातलेला वारा, तिचं नाव, माझ्यासाठीचा निरोप. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं,

"पाणी मिळालं ना गं त्यांना?"

"हो आई. दोन घोट प्यायले."

तिने लांब श्वास सोडला. एवढे दिवस आई काय घेऊन जगत होती, ते मला त्या क्षणी कळलं. मी माझ्याच दुःखाला कुरवाळत बसले होते, आणि माझी आई आपला माणूस तहानलेला गेला असेल या विचाराने रोज जेवायला बसत होती.

नोकरी अजून मिळालेली नाही. सध्या इथल्याच एका कॉलेजात मुलांना तासावर शिकवते आहे. पुढे काय होईल माहीत नाही. काही सकाळी जुना अंधार पुन्हा दाटून येतो. तेव्हा उठून आईजवळ जाऊन बसते आणि मनात काय चाललंय ते तिला सांगते. एवढं शिकले आहे.

नोकरी गेली नसती तर त्या पायरीवर मी कधी बसले असते का, याचा विचार मी आता करत नाही. ते माझ्या हिशेबाचं काम नाही. देवीने मला व्हिसा दिला नाही, नोकरी दिली नाही, बाबाही परत दिले नाहीत. तिने मला फक्त त्या बाईंच्या शेजारी आणून बसवलं. आणि त्या रात्री, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, माझी आई गाढ झोपली.