पाणी आलं तर वर

दवाखान्यातले किस्से म्हणजे पिंजलेला कापूस. गाठोड्यात मावतो, पण एकदा सोडला की घरभर होतो. पावसाळी हवा आली की माझं गाठोडं सुटतंच.

दर्यापूरच्या रस्त्यावर एका गावात आमचा लहानसा दवाखाना होता. मी तिथं वॉर्डात कामाला. बाळंतिणींचा वॉर्ड खाली, खिडकीमागे नाला, आणि वर जायला नुसता जिना. मोठ्या सिस्टरला एकच धास्ती. म्हणायच्या, "पानी आलं तं एकबी बाळंतीण खाली राह्यली नाई पाह्यजे." म्हणून दरवर्षी पावसाआधी आमची तालीम व्हायची.

*

एकदा अमरावतीहून एक साहेब ट्रेनिंग द्यायला आले. पडद्यावर पुराची चित्रं लावली आणि लाईट गेली.

"जनरेटर कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गजानन म्हणाला, "नाल्याच्या काठी हाय साहेब. तिथं थंड राह्यते."

साहेबांनी प्रोजेक्टर बंद केला, बाह्या दुमडल्या. उरलेली ट्रेनिंग जनरेटर ओट्यावर चढवण्यात गेली.

*

तालमीत पेशंट नेहमी मीच, कारण सगळ्यात हलका मी. चौघं मला चादरीत घालून जिना चढत होते. पातूरकडची एक म्हातारी नातसुनेजवळ बसायला आली होती. मला पाहून ती रडायलाच लागली. "सकाळीच तं चहा देला होता बिचाऱ्यानं मले."

मला राहवेना. डोळा उघडून म्हटलं, "आजी, मी चांगला हावो."

तिनं डोळे पुसले. "मंग उतर ना खाली. त्या पोट्ट्याईचे हात काहून तोडून राहिला?"

*

एका वर्षी सिस्टरनं ठरवलं, थाळी वाजली की सगळ्यांनी वर जायचं. मी जीव लावून थाळी वाजवली. तर वरचे होते नव्हते ते सगळे धावत खाली आले. आमच्याकडे मूल झालं की थाळी वाजवतात, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"पोरगं का पोरगी?" एकानं विचारलं.

"पानी," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी आणली.

*

शिट्टीच्या पहिल्या तालमीत एक गडी सगळ्यांच्या आधी वर पोचला. डोक्यावर कूलर.

"अन् बायको?" सिस्टरनं विचारलं.

"ते येते ना. तिले पाय हायेत. कूलरले कुठी हायेत?"

तालीम संपली की वरच्या हॉलमध्ये सगळे मिळून पोहे खायचो. त्या पोह्यांची चव पुन्हा कुठं लागली नाही. आता नवी इमारत उंचावर आहे, लिफ्ट आहे. सिस्टर अकोल्याला मुलाकडे असतात. एसटीनं त्या रस्त्यानं जाताना मी अजून खिडकीची जागा धरतो.

*

आणि त्या जुन्या दवाखान्यात एका दुपारी पाणी खरंच आलं. शिट्टी वाजली. बाळंतिणी एकेक करून वर गेल्या. राहिली एकच, गजाननच्या धाकट्या भावाची बायको. सिझरचे टाके ताजे, पाय टेकवत नव्हता. नवरा रस्त्यात अडकलेला. पाणी घोट्याला लागलं होतं, बाकीचे वर बाळंतिणींना सांभाळत होते आणि उचलायला होतो मी, सिस्टर आणि गजानन.

गजानन तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर. त्यांच्या घरी तो आला की ती पदर ओढून आत जायची. लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेली नव्हती. तो दारातच भिंतीकडे तोंड करून उभा. मला म्हणाला, "काका, तुमीच पाहा."

माझ्यानं काय उचलवणार? शेवटी सिस्टरनं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, बाळ मांडीवर दिलं. गजाननानं खुर्चीची पाठ धरली, मी पुढचे पाय. तो छताकडे पाहत जिना चढू लागला.

"सिस्टर, तिले सांगा, बाळाले घट्ट धर."

"सिस्टर, त्याईले सांगा, पायरी पाहा."

इतक्यात वरून कोणीतरी हाक मारली आणि सिस्टर पुढे धावल्या. वळणावर गजाननचा पाय सरकला, खुर्ची कलली. तिनं पदर मागं टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, खाली पाहा. मी काई तुमाले खात नाई."

गजाननानं खाली पाहिलं. पाय रोवला. खुर्ची नीट वर आली.

वर पोचल्यावर तिनं पदर पुन्हा ओढून घेतला. गजानन खिडकीकडे तोंड करून धापा टाकत होता. श्वास जागेवर आल्यावर हळूच मला म्हणाला, "काका, तिले सांगा, घरीबी बोलत जाय."